घरचं माणूस बसेपर्यंत

माझी बायको वारली तेव्हा तिचा शोकठराव कुणी लिहायचा असा प्रश्न संघटनेला पडला नाही. तो तिने आधीच लिहून दिला होता. खरं म्हणजे तिच्याकडून तो लिहून घेतला होता.

आधी संघटना कसली ते सांगतो. साहेबाच्या केबिनबाहेर जी बाई बसते, फोन घेते, पत्रं टाइप करते, साहेब जागेवर असले तर नाहीत म्हणते आणि नसले तर आत्ताच होते म्हणते, तिला सेक्रेटरी म्हणतात. अशा सेक्रेटरींची, टायपिस्ट बायकांची, रिसेप्शनवर बसणाऱ्यांची आमच्या शहरात एक संघटना आहे. बायको तिची चिटणीस होती. दिवसभर साहेबाचं लिहायचं आणि संध्याकाळी घरी येऊन संघटनेचं. माझं सलून आहे, मी लोकांचे केस कापतो. लिहिण्याशी माझा संबंध दुकानाच्या पाटीपुरता, आणि तीही हिनेच लिहून दिलेली.

हिला फुप्फुसाचं दुखणं झालं. शेवटी शेवटी नाकाला नळी लावूनच असायची. दवाखान्यात एक दिवस संघटनेच्या अध्यक्षबाई भेटायला आल्या. एका मोठ्या कंपनीच्या मालकाची सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालेल्या. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, पण केस सेट केल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. कापणाराने डाव्या बाजूला नेहमी थोडे जास्त ठेवलेले असतात. त्या दिवशीही तसेच होते. पैसे मात्र पूर्ण घेत असेल.

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं आणि उत्तराआधी खुर्ची ओढून बसल्या. "चिटणीसबाई, एक काम होतं. झेपेल तसं करा हं."

"सांगा ना," ही म्हणाली आणि उशीला टेकून सरळ झाली. काम म्हटलं की तिची पाठ सरळ व्हायची.

"आपले सगळे शोकठराव तुम्हीच लिहिता. दुसऱ्या कुणाला ते जमत नाही. मागे तुम्ही रजेवर होतात तेव्हा त्या नवीन बाईंनी एक लिहिला. त्यात गेलेल्या बाईंना दीर्घायुष्य चिंतलं."

हिला हसू आलं. "मग आता कुणाचा लिहायचाय?"

अध्यक्षबाईंनी आणलेल्या फुलांवरचा प्लास्टिकचा कागद सारखा केला. नळीतून हवेचा आवाज येत होता.

"तयार असलेलं बरं असतं," त्या म्हणाल्या. "एवढंच."

मी तिथेच पाण्याची बाटली भरत होतो. मला कळायला वेळ लागला. हिला लागला नाही.

"कधीपर्यंत हवाय?" तिने विचारलं.

"छे छे, घाई कसली! तुमच्या सोयीने."

त्या गेल्यावर ही हसत सुटली. हसता हसता खोकला, खोकल्यातून ठसका. नर्स धावत आली आणि मलाच रागावली.

मी म्हटलं, "त्या बाईला जिन्यावरून ढकलून दिलं पाहिजे."

"अहो, ती जिन्याने आलीच नसेल. लिफ्टने आली असणार." डोळे पुसत म्हणाली, "कागद घ्या. पेन घ्या."

"आत्ता?"

"मग कधी? आयुष्यभर लोकांचं उतरवून घेतलं. आता मी सांगते, तुम्ही उतरवा."

"माझं अक्षर म्हणजे..."

"साहेबांची अक्षरं कशी असतात माहितीये ना? तुमचं बरं आहे."

ती एकेका दमाला थोडं थोडं सांगायची आणि मी उतरवायचो. मध्येच स्वल्पविराम म्हणायची, तर एकदोनदा मी ते अख्खं अक्षरांत लिहून ठेवलं. तिने वाचून पाहिलं आणि म्हणाली राहू द्या, टाइप करणारीला कळेल. वयापाशी आलो तेव्हा मी थांबलो.

"जागा सोडा," ती म्हणाली.

"आणि तारीख?"

"अहो, जागा सोडा म्हटलं ना."

कुठे नोकरी केली, किती साहेब झाले, संघटनेत काय कामं केली, एवढंच त्यात होतं. स्तुती अजिबात नव्हती. इतरांच्या ठरावांत ती मनमिळाऊ काय, कर्तव्यदक्ष काय, भरपूर घालायची. मी म्हटलं, तुझ्यातही घाल की थोडं. म्हणाली, "ते मीठमसाल्याचे शब्द. ते त्या नंतर टाकतीलच. मला एक वाक्य हवंय. ते राहिलं म्हणजे झालं."

आणि तिने ते वाक्य सांगितलं: संघटनेची पहिली सभा त्यांनी बोलावली आणि ती त्यांच्या यजमानांच्या सलूनमध्ये भरली.

"यजमान कशाला? नवरा म्हण."

"ठरावात यजमानच असतं. लिहा."

ते वाक्य खरं आहे. लग्नाला थोडेच दिवस झाले होते. ऑफिसांतल्या या बायकांना एकत्र बसायला जागा नव्हती. ऑफिसात साहेब जमू देत नव्हते, हॉलवाले विचारायचे कसली सभा, आणि घरी प्रत्येकीच्या सासूचे कान टवकारलेले. माझं दुकान आठवड्यातून एक दिवस बंद असतं. हिने विचारलं, मी किल्ली दिली. बायका आल्या. तीन खुर्च्या होत्या, एक बाक होता, शेजारच्या शिंप्याकडून स्टुलं आणली. पण कुणी बसेचना. भिंतीला टेकून सगळ्या उभ्या. मला वाटलं खुर्च्या घाण वाटतात की काय, म्हणून मी फडकं मारलं. तरी उभ्याच. मग माझ्या लक्षात आलं की प्रत्येक बाई दुसरी कुणी बसायची वाट बघत होती. साहेब बसल्याशिवाय बसायचं नाही ही सवय, आणि त्या खोलीत साहेबच नव्हता. तशाच राहिल्या असत्या संध्याकाळपर्यंत. मग ही मधल्या खुर्चीत जाऊन बसली, आरशाकडे तोंड करून, आणि म्हणाली, "बसा गं! इथे कुणाचा बाप नाही."

आताच्या अध्यक्षबाई तेव्हा त्यांच्यातच होत्या. बाकाच्या कडेला, नाकाला रुमाल लावून. कोपऱ्यात आदल्या दिवशीचे केस पडले होते, मी लोटायचे विसरलो होतो. निघताना त्या हिला म्हणाल्या होत्या, "जागा कुठली ते बाहेर बोलू नका हं."

पुढे संघटनेतली पहिली बाई वारली तेव्हा हिने एक नियम करून घेतला. शोकसभेत सगळ्यांनी उभं राहायचं. पाहुणा म्हणून आलेला साहेब असला तर त्यानेसुद्धा. आणि गेलेल्या बाईच्या घरचं माणूस बसेपर्यंत कुणी बसायचं नाही. ही म्हणायची, जन्मभर आपण ते बसेपर्यंत उभ्या असतो, एकदा मेल्यावर तरी त्यांनी उभं राहावं. नियम झाला आणि चालूही राहिला, कारण त्याचा कुणाला त्रासच नव्हता. घरचं माणूस एवढ्या लोकांसमोर अवघडलेलं असायचं, लगेच बसायचं. एका टायपिस्टचा नवरा तर उभाच राहिला नाही, नुसता खुर्चीतून थोडा उचलला गेला.

ठराव लिहून झाला त्यानंतर ही फार दिवस राहिली नाही. गेली त्या सकाळी मी तिचे केस विंचरले. नर्स म्हणाली आम्ही करतो. मी म्हटलं, हे माझं काम आहे.

सलून पुन्हा उघडलं त्या आठवड्यात टाचणी आली. टाचणी हे हिने मैत्रिणीला ठेवलेलं नाव. बारीक अंगाची, बोलायला टोचणारी, एका वकिलाच्या ऑफिसात आयुष्य काढलेली. लग्न केलं नाही. संघटनेच्या कार्यकारिणीवर होती. एक गुडघा गेलेला, काठी घेऊन चालायची. खुर्चीत गिऱ्हाईक होतं, तोंडभर फेस. ती दारातच म्हणाली, "भाऊजी, ताईचं ते वाक्य काढलं."

"कुठलं?" मी विचारलं, पण मला माहीत होतं.

"सलूनचं. मी एकटी विरोधात होते. बाकीच्या तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्या."

"का काढलं?"

"संघटनेची स्मरणिका छापून झालीये. त्यात संघटना अध्यक्षबाईंच्या कंपनीच्या सभागृहात स्थापन झाली असं आहे. बाईंनी स्थापन केली, असं आहे. आणि शोकसभेला ताईचे साहेब येणार आहेत, त्यांच्यासमोर कसं वाचायचं, म्हणे."

"नेमकं काय म्हणाली ती?"

"कशाला ऐकताय, भाऊजी?"

"सांग."

टाचणीने काठी दुसऱ्या हातात घेतली. "म्हणाल्या, आपली संघटना केसांच्या कचऱ्यात जन्मली असं सांगायचं का लोकांना."

गिऱ्हाईक फेसातून म्हणालं, "मग तुम्ही काय करणार?"

"हनुवटी वर करा," मी म्हटलं.

गिऱ्हाईक गेल्यावर मी अध्यक्षबाईंना फोन लावला. मी म्हटलं, बाकी काहीही काढा. मनमिळाऊ काढा, कर्तव्यदक्ष काढा. ते एक वाक्य ठेवा, तिची तेवढीच इच्छा होती.

"भाऊ, तुमचं दुःख मी समजू शकते," त्या म्हणाल्या. हे वाक्यही हिच्याच एका पत्रातलं होतं, मी ओळखलं. "पण ठरावात सभासदाबद्दल लिहायचं असतं. नवऱ्याच्या धंद्याची जाहिरात नाही करता येत."

"जाहिरात? माझ्याकडे बायकांचे केस कापतही नाहीत."

"तेच म्हणतेय मी."

"मी सभेत उठून सांगेन मग."

"तुम्हाला बोलता येणार नाही. सभासद नसलेल्याला सभेत बोलता येत नाही, हा नियम आहे. चिटणीसबाईंनीच केलेला." मग मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? तुम्ही फक्त यायचं, उभं राहायचं आणि बसायचं. तुमचं काम तेवढंच."

मी फोन ठेवला. त्या रात्री मला झोप लागली. खूप दिवसांनी लागली.

सभा एका ऑफिसच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होती. लांबट हॉल, खिडक्या बंद, एसी कमी चालणारा. समोर टेबल, त्यावर हिचा फोटो. फोटोत ती कॅमेऱ्याकडे न बघता कुणाकडे तरी बघत होती, बहुतेक कुणी काहीतरी सांगत असावं आणि ती लक्षात ठेवत असावी. टेबलामागे तिघं: अध्यक्षबाई, हिचा शेवटचा साहेब, आणि नवीन चिटणीसबाई, तीच ती दीर्घायुष्यवाली. हॉल बायकांनी भरलेला होता. काही तरुण, पण जास्त करून म्हाताऱ्या. इस्त्रीचे कपडे, मांडीवर पर्स, पर्सवर हात. पुढच्या रांगेत पांढरं कव्हर घातलेली एक खुर्ची माझी, शेजारी टाचणी.

मी आल्या आल्या साहेबाने मान हलवून ओळख दिली. त्याचे केस मी वर्षानुवर्षं कापलेत. ऑफिसातच बोलावायचा, वेळ ही ठरवायची. हिची-माझी ओळखही याच्या आधी त्या जागेवर असलेल्या साहेबाच्या केसांमुळेच झाली. हल्ली साहेब दुसरीकडे जातो. कलप मानेपाशी उतरलेला दिसत होता.

अध्यक्षबाईंनी ठराव वाचला. आवाज चांगला आहे त्यांचा. मनमिळाऊ आलं, कर्तव्यदक्ष आलं, हसतमुखसुद्धा आलं. वय आणि तारीख मी सोडलेल्या जागी बरोबर बसली होती. पहिल्या सभेपाशी त्या न अडखळता पुढे गेल्या, वाक्य कधी नव्हतंच असं. मग म्हणाल्या, "प्रथेप्रमाणे आपण उभे राहून श्रद्धांजली वाहू या."

सगळ्या उठल्या. साहेब उठला. मी उठलो.

बायका माना खाली घालून उभ्या होत्या. थोड्या वेळाने एकेकीने डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघायला सुरुवात केली. घरचं माणूस आता बसेल मग आपण बसू, असं. मी बसलो नाही.

मी सकाळी दुकान उघडल्यापासून बंद करेपर्यंत उभा असतो. हे मी कौतुकाने सांगत नाही, धंदाच तसा आहे. पाय थोडे फाकवायचे, वजन टाचेवर घ्यायचं, गुडघा सैल ठेवायचा. मी तसा उभा राहिलो.

अध्यक्षबाईंनी मान वर केली. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्या फोटोकडे बघायला लागल्या. मग माइकजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाल्या, "भाऊ, बसा आता."

मी काही बोललो नाही. सभासद नसलेल्याला बोलता येत नाही.

मागे पर्स खाली ठेवल्याचे आवाज आले. कुणीतरी कुजबुजलं, "बसत का नाहीत ते?" दुसरीने शूऽऽ केलं. नवीन चिटणीसबाई लगबगीने खाली आल्या. त्यांना वाटलं दुःखाने मला सुचत नाहीये. त्यांनी माझी खुर्ची मागून पुढे सरकवली, ती माझ्या पोटऱ्यांना टेकली. "बसा ना काका," म्हणाल्या. मी पोटऱ्यांनी खुर्ची मागे ढकलली. ती पडता पडता राहिली.

साहेब वाकून अध्यक्षबाईंच्या कानाशी लागला. "किती वेळ असतं हे?"

"घरचं माणूस बसेपर्यंत, सर."

"मग तो बसत का नाहीये?"

अध्यक्षबाईंनी समोरचा माइक सरळ केला.

आता कुणीही सरळ बसून टाकलं असतं तर सगळं मिटलं असतं. पण बसणार कोण? साहेब उभा असताना त्या हॉलमधली एकही बाई बसू शकत नव्हती, ते त्यांच्या हाडात मुरलेलं. अध्यक्षबाई उभ्या असताना साहेबाला एकट्याने बसणं बरं दिसेना. आणि संघटनेच्या अध्यक्षांनी सगळ्यांसमोर संघटनेचीच प्रथा मोडायची कशी? अध्यक्षबाईंनी दोन्ही हात टेबलावर टेकवले होते. बदललेल्या गुडघ्यांवर उभं राहणं सोपं नसतं. वरच्या ओठावर घाम आला होता. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू?

साहेबाकडेही मी बघून घेतलं. हा माणूस माझ्यासमोर कायम बसलेला, मान खाली घातलेला. उभा असा मी त्याला फारसा पाहिलाच नव्हता. उंचीला कमीच निघाला. त्याच्या खिशात फोन वाजला, तशी दुसऱ्या रांगेतून त्याची आताची सेक्रेटरी सवयीने दोन पावलं पुढे आली आणि मग फोन त्याच्याच खिशात आहे हे आठवून जागच्या जागी थिजली.

म्हाताऱ्या बायका आता पुढच्या खुर्च्यांच्या पाठी धरून उभ्या होत्या. कुणाची तरी पर्स पडली आणि चिल्लर पसरली, ती उचलायला कुणी वाकलं नाही. मागून एक आवाज आला, "अहो, आम्हाला बीपी आहे हो!" आणि एक जण रडायला लागली. ती हिच्यासाठी रडत नव्हती.

माझ्या शेजारी टाचणीची काठी जमिनीवर कट कट वाजत होती. गेलेल्या गुडघ्यावरचा भार ती काठीवर घेत होती. मी मान वळवली.

"माझ्याकडे बघू नका, भाऊजी," ती पुढे बघत दातांतून म्हणाली. "समोर बघा."

मी समोर बघितलं. टाचणी त्या हॉलमधली एकटीच हिच्या बाजूने बोललेली, आणि गुडघा तिचाच गेलेला. मी बसलो असतो तर तीही बसली असती. मग ठराव तसाच मंजूर झाला असता, सभा पुढे गेली असती आणि वाक्य संपलं असतं. हे मला कळत होतं. तिलाही कळत होतं. काठीचा आवाज वाढला, मग थांबला, आणि ती खाली गेली. धाडकन नाही. खुर्चीच्या कडेला घसटत, हळूहळू. तिचं डोकं माझ्या बुटावर आलं.

गलका झाला. दोघीतिघी धावल्या, पाणी आणा, वारा घाला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आणि एवढं होऊनही एकही बाई खुर्चीत बसली नाही. तिला उचलून खुर्चीत बसवावं हेसुद्धा कुणाला सुचलं नाही. जमिनीवरच ठेवली आणि उभ्याने वारा घालत राहिल्या.

मी पाय हलवला नाही, कारण तिचं डोकं त्यावर होतं. मी बसलोही नाही.

अध्यक्षबाई माइकमध्ये ओरडल्या, "माणूस पडलं तरी तुम्ही उभेच? काळीज आहे की दगड आहे तुम्हाला? तुमच्या बायकोची मैत्रीण आहे ती!"

मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

तेव्हा खालून टाचणीचा आवाज आला. बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "ते वाक्य वाचा ना, बाई. बसतील ते."

"कुठलं वाक्य?" साहेब म्हणाला.

पुढच्या रांगेने माना खाली घातल्या.

"कुठलं वाक्य आहे? असेल ते वाचा आणि संपवा! मला पुढे मीटिंग आहे."

साहेबाने आवाज चढवला आणि अध्यक्षबाईंचा हात आपोआप फायलीकडे गेला. टाइप केलेल्या कागदाखाली दुसरा कागद होता. मूळ प्रत खाली लावून ठेवायची, हेही त्यांच्या हाडात मुरलेलं. माझं अक्षर मला लांबूनच ओळखू आलं. त्यांनी चष्मा लावला. चेहऱ्यावर काहीही न आणता त्यांनी वाचलं, "संघटनेची पहिली सभा त्यांनी बोलावली आणि ती त्यांच्या यजमानांच्या..." इथे थांबल्या. "...सलूनमध्ये भरली."

"सलूनमध्ये?" साहेब म्हणाला. आणि हसला.

वाईट हेतूने हसला असेल असं मला वाटत नाही. पाय दुखत होते, सुटका झाली, म्हणून हसला. पण साहेब हसला म्हटल्यावर त्याची सेक्रेटरी हसली. मग पुढची रांग हसली. मग सगळा हॉल. एवढा वेळ उभ्या राहिलेल्या बायका, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांतल्या निदान चारपाच जणी त्या दिवशी माझ्या दुकानात होत्या. एक तर हिच्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती. तीही हसली, रुमाल तोंडावर धरून. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांना गरज नव्हती.

वाक्य वाचलं गेलं होतं. मी वाकून टाचणीचं डोकं उचललं, तिला खुर्चीत बसवलं आणि मग बसलो.

सगळा हॉल एकदम बसला. खुर्च्या कुरकुरल्या. कुणी बूट काढले, कुणी पोटऱ्या दाबल्या.

अध्यक्षबाईंनी पाण्याचा घोट घेतला, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अध्यक्षांच्या परवानगीने एक आयत्या वेळचा विषय." अध्यक्ष त्याच, परवानगीही त्यांचीच. "आज जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. आपल्यात वयस्कर भगिनी आहेत. पाहुण्यांनाही त्रास झाला. घरचं माणूस बसेपर्यंत उभं राहण्याची प्रथा आजपासून बंद करावी, असा मी ठराव मांडते. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

हात वर झाले. सगळे. इतक्या एकमताने ठराव त्या संघटनेत कधी झाला नसेल. मी शेजारी बघितलं. टाचणीचा हातही वर होता. दुसऱ्या हाताने ती गुडघ्यावर ओला रुमाल दाबत होती.

"विरोधात कुणी?" अध्यक्षबाईंनी विचारलं आणि बरोबर माझ्याकडे बघितलं.

माझे हात मांडीवर होते. मी सभासद नव्हतो.

नवीन चिटणीसबाई खाली मान घालून लिहीत होत्या. त्यांनी विचारलं, "बाई, इतिवृत्तात काय लिहू? उभे किती वेळ होते ते?"

"सर्वांनी उभे राहून श्रद्धांजली वाहिली, एवढं लिहा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आणि नीट लिहा. दीर्घायुष्य नको."

त्यावरही हॉल हसला. मग साहेब भाषणाला उभा राहिला, हिच्याबद्दल चांगलं बोलला, आणि मीटिंगला निघून गेला.

लिफ्टपाशी गर्दी होती, आणि गर्दीत सगळ्या माझ्यापासून जरा लांब उभ्या होत्या. मी टाचणीला जिन्याने घेऊन निघालो. एक हात तिचा काठीवर, एक माझ्या खांद्यावर. प्रत्येक पायरीला ती दम घेत होती. मधल्या वळणावर तीच म्हणाली, "तुम्हाला वाटत असेल, ही पण फिरली."

"तुझा गुडघा दुखत होता."

"गुडघ्याचं सोडा." ती भिंतीला टेकली. "माझ्या घरी कोण आहे, भाऊजी? भाऊ गेला, भाचा परदेशात. माझ्या वेळी सगळ्या उभ्या राहतील आणि बसायला घरचं कुणीच नसेल. कुणाकडे बघायचं हे त्यांना कळणार नाही. मग एखादी हसेल. आज हसल्या तसं. त्यापेक्षा नियमच नसलेला बरा."

"मी आहे की."

तिने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत, ती टोचूनही बोलत नव्हती.

"तुम्ही असाल," ती म्हणाली. "पण मी पडले तेव्हा तुम्ही ताईच्या घरचे होतात. माझ्या नाही." मग काठी पुढच्या पायरीवर टेकवली. "चला. खाली रिक्षा मिळते का बघा."